अंगठ्याला सहा आठवडे

गेली एकतीस वर्षं मी कोल्हापुरात लोकांचे आखडलेले सांधे सोडवते आहे. दारावर फिजिओथेरपीची पाटी आहे, पण राजारामपुरीत येऊन पत्ता विचारलात तर रिक्षावाला म्हणेल, "व्यायामवाल्या बाईंकडं व्हय पावणं?" त्याच्या स्वरात थोडी कीव असते. आमच्या गावात डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा, आणि मोठा डॉक्टर म्हणजे कापणारा. जी बाई यातलं काहीच करत नाही आणि वर फी घेते, तिच्याबद्दल लोकांना शंका येणं साहजिक आहे.

माझा धंदा तसा सोपा आहे. मुरगळलेला पाय, धरलेली कंबर, सुजलेला गुडघा, वर न जाणारा खांदा, यांतल्या बहुतेकांना चाकू लागत नाही. काही दिवस विश्रांती, थोडा शेक किंवा बर्फ, गरज पडली तर पट्टा, मग हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, आणि वेळ. शरीर आपलं आपण भरून येतं. पेशंटला त्याच्या आड येऊ न देणं एवढंच आमचं काम, आणि तेच सगळ्यात अवघड. पेशंटला काहीतरी करून घ्यायचं असतं. स्वतः मात्र काही करायचं नसतं.

माझ्याकडे शेक देणारं एक मशीन आहे. एकदा त्याचा लाल दिवा गेला, तर दोन पेशंटनी तक्रार केली की आता पूर्वीसारखा गुण येत नाही. मशीन व्यवस्थित चालू होतं. मी दिवा बदलून घेतला आणि दोघांचेही गुडघे त्याच आठवड्यात सुधारले. एक निवृत्त साहेब होते, त्यांचा खांदा आखडला होता. त्यांना मी भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला आणि रोज हात पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगितली. पंधरा दिवसांनी त्यांनी मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. खुणा थेट छतापाशी पोचल्या होत्या, हात अजून कानापर्यंतही येत नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं की साहेब रोजची प्रगती चांगल्या हाताने, स्टुलावर चढून नोंदवत होते. जन्म नोकरीत अहवाल लिहिण्यात गेलेला, मी तरी काय बोलणार?

असल्या लोकांचे किस्से सांगून मी अनेक समारंभांत हशा मिळवला आहे. पण एक किस्सा मी कधी सांगत नव्हते, कारण त्यात पहिली चूक माझी आहे. संपादकांनी 'मनमोकळं लिहा' म्हटलं म्हणून तोच लिहिते.

तीन वर्षांपूर्वी कागलच्या अलीकडच्या एका गावातून आप्पासाहेब नावाचे गृहस्थ बायकोला घेऊन आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला अष्टगंध, खिशाला दोन पेनं. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन. नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. घरातसुद्धा ते चेअरमनच. बायको आक्काताई, पन्नाशीच्या पुढची, काटक अंगाची. डाव्या हाताने उजवा अंगठा धरून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. सात महिने दुखत होता. आता चहाचा कप हातातून सुटायला लागला होता आणि कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती.

मी तिला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला लावली आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवलं. तिने तोंडातून आवाज काढला नाही, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्यावर निदान होतं. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाशी एका बारीक बोगद्यातून जातात. तीच ती हालचाल रोज करत राहिलं की दोऱ्या सुजतात, बोगदा अपुरा पडतो, आणि मग अंगठा हलला की दोरी घासते. लवकर पकडलं तर पट्टा आणि विश्रांतीवर भागतं. नाही भागलं तर इंजेक्शन, आणि तेही फसलं तर बोगदा कापून मोकळा करायचा.

मी आक्काताईला विचारलं, काम काय करता? उत्तर चेअरमननी दिलं.

"काय न्हाय, घरातच आसती."

मी केसपेपरवर 'गृहिणी' असं लिहिलं, अंगठ्याचा पट्टा बांधून दिला आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सहा आठवडे हाताला पूर्ण विश्रांती.' चेअरमननी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ज्या बाईला विश्रांती दिली होती तिच्या हातात तो कागद गेलासुद्धा नाही, आणि ते मला खटकलंही नाही.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. अंगठ्याच्या मुळाशी आधी नव्हती तेवढी सूज होती. पट्टा मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. तीन आठवडे वापरलेल्या पट्ट्याला घामाचा, हळदीचा, भांड्याच्या साबणाचा वास येतो. याला काहीच वास नव्हता. म्हणजे तो फक्त माझ्याकडे येताना एसटीत बांधला जात होता. माझं डोकं फिरलं. तुम्हाला बरं व्हायचंय की नाही, आम्ही इथे बसून काय गंमत म्हणून सांगतो का, उद्या हात कापायची वेळ आली तर माझ्याकडे रडत यायचं नाही, असं बरंच काही मी तिला नवऱ्यादेखत सुनावलं. चेअरमननी मला जोरदार पाठिंबा दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेही घरी रोज हेच सांगत होते, पण ही बाई कुणाचं ऐकतच नव्हती.

तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. आक्काताई खाली मान घालून म्हणाली, "बाई, पट्टा लावला की चंदी जवळ येऊ देत न्हाय."

ही चंदी कोण, असं मी विचारलं, आणि इतक्या वर्षांच्या धंद्यात जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते सगळं पाच मिनिटांत बाहेर आलं. घरात तीन म्हशी. लग्न होऊन आल्यापासून सकाळ-संध्याकाळच्या धारा आक्काताईच काढत होती. चंदी ही त्यातली सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात तऱ्हेवाईक. तिची आई विताना मेली, तेव्हा आक्काताईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता ती दुसऱ्या कुणाच्या हाताला उभी राहत नाही. ज्यांनी गोठा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हशीचं दूध नळासारखं नसतं. तिच्या मनात आलं तरच ती पान्हा सोडते. नको असलेला माणूस, नवा वास, हातावर रबराचा पट्टा, यातलं काहीही तिला चालत नाही. मग दूध वर ओढून धरते आणि लाथ मारून बादली उडवते ती वेगळीच.

मी आक्काताईला धार कशी काढता ते दाखवायला सांगितलं. तिने हवेतच दाखवलं. अंगठा आत मुडपायचा, आचळाचा सड त्याच्या पाठीवर घ्यायचा आणि बोटांनी दाबायचा. बहुतेक जण असंच काढतात, त्याने हाताला जोर मिळतो. त्या दुखऱ्या दोरीला ताण देण्यासाठी यापेक्षा चांगली पद्धत मला शोधूनही सापडली नसती.

"चेअरमन म्हंत्यात, जमत नसंल तर म्हशी काढून टाकूया," ती म्हणाली. "चंदीला दुसऱ्याच्या दावणीला बांधून मी दोन घास कसं खाऊ, सांगा की."

मला माझी लाज वाटली. एका कष्टकरी बाईच्या नावापुढे मी बिनकामाची असल्यासारखा शब्द लिहिला होता आणि मग तिने काम थांबवलं नाही म्हणून तिच्यावर ओरडले होते. केसपेपरवरचा तो शब्द मी खोडला आणि लिहिलं, तीन म्हशींच्या दोन्ही वेळच्या धारा, शेणघाण, वैरण, भाकरी. ओळ पुरली नाही म्हणून समासात लिहिलं. आता माझ्यासमोर प्रश्न सरळ होता. धार चालू राहिली तर अंगठा जाणार, आणि थांबली तर चंदी जाणार.

चेअरमनना आत बोलावलं. शेजारणीला सांगता येईल का, असं मी विचारलं. तर गावात प्रत्येक घरी म्हैस, आणि संस्थेत दूध घालायची वेळ सगळ्यांची एकच. त्या तासाला कुणाचाच हात मोकळा नसतो. मुलगा आणि सून नोकरीला पुण्यात. मध्ये एक गडी ठेवला होता, त्याला चंदीने तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं. मग मी म्हटलं, राहिला कोण? चेअरमननी खोलीत चौथं कुणी आहे का ते पाहिलं.

"म्याडम," ते म्हणाले, "मी चेअरमन हाय."

मी म्हटलं, तर मग तुमच्याएवढा जाणकार माणूस दुसरा कोण? त्यांच्या घरातल्या भिंतीवर 'आदर्श दूध उत्पादक' अशी ढाल टांगलेली होती, त्यांच्या नावाची. दर वर्षी वार्षिक सभेत ते स्वच्छ दूध निर्मितीवर अर्धा तास बोलत. हे मला आक्काताईने अगदी निरागस चेहऱ्याने सांगितलं. म्हशीखाली मात्र ते जन्मात बसले नव्हते. मी त्यांना ऑपरेशन समजावून सांगायला घेतलं. कापाकापीचं ऐकताना त्यांचा चेहरा शांत होता. त्यानंतर काही आठवडे आक्काताईला भाकरी थापता येणार नाही, असं सांगितल्यावर ते पुढे सरकले.

"भाकरी बी न्हाय?"

भाकरी नाही, धुणं नाही, भांडी नाही, मी म्हटलं. त्यांनी पंख्याकडे बघत बोटांवर कामं मोजली. शेवटी त्यांचं मत पडलं की या सगळ्यात त्यातल्या त्यात धार सोपी. राहिला प्रश्न चंदीचा. त्यावर आक्काताईने जो उपाय सुचवला तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण आमच्या भागात गोठ्यात मुरलेला प्रत्येक माणूस तो जाणतो. तिची अंगावरची जुनी साडी चेअरमननी पांघरायची, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मग म्हशीजवळ जायचं. वासाने म्हैस उभी राहते. चेअरमननी खिशातलं एक पेन काढून दुसऱ्या बाजूला लावलं.

माझा विश्वास बसला नाही म्हणून दुसऱ्या रविवारी सकाळी मी स्वतः गावी गेले. गोठ्याच्या दाराला पोती शिवून पडदा लावला होता. आत चेअरमन. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगावर निळ्या फुलांची साडी, डोक्यावर पदर, पदराखाली मिशा. चंदीच्या पोटाला डोकं टेकवून ते उकिडवे बसले होते. पाठीमागे पालथ्या घमेल्यावर आक्काताई, हाताला पट्टा, मांडीवर हात. जन्मात पहिल्यांदा ती बसून होती आणि नवरा काम करत होता.

"आवाज बारीक ठेवा," ती सांगत होती. "ती काय सभासद हाय व्हय?"

कारण चेअरमनना हळू बोलायची सवयच नव्हती, आणि म्हशीशी धार काढताना गोड, बारीक आवाजात बोलावं लागतं. ते प्रयत्न करत होते. पहिले काही दिवस भांड्यात तळ झाकण्यापुरतंच दूध पडलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा फेस वर आला. तेवढ्यात त्यांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी पदर सावरला, फोन कानाला लावला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मीटिंगमधी हाय."

मी बाहेर येऊन भिंतीला धरून हसले. मग मला आठवलं की मी कशासाठी आले आहे. आत जाऊन मी चेअरमनना बजावलं, अंगठा मुडपू नका, पूर्ण मुठीने काढा. वेळ जास्त लागतो, पण अंगठा वाचतो. आक्काताईनेही तेच सांगितलं. चेअरमननी आम्हा दोघींकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चालू सभेत कुणीतरी मध्येच उठून प्रश्न विचारला आहे. तीन आठवड्यांत ते या विषयातले तज्ज्ञ होणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आक्काताईचं म्हणाल तर तिच्यासारखा पेशंट मला फार थोड्या वेळा मिळाला. पट्टा रात्रंदिवस. चौथ्या आठवड्यापासून ओलं फडकं हळू पिळायचं, बोटांना रबर लावून ताणायचं, हे सगळं मोजून. जिला मी न ऐकणारी म्हणाले होते, तिने एक दिवस चुकवला नाही. सहा आठवड्यांनी मी पुन्हा तिचा अंगठा मुठीत मिटवून मनगट वाकवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दुखलं नाही. तिने टेबलावरचं माझं कुलूप उचललं आणि किल्ली तीनदा फिरवून दाखवली. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा एखाद्या सर्जनला होत असेल का, मला शंका आहे.

त्यानंतर चार दिवसांनी क्लिनिकच्या दारात मोठी गाडी थांबली. त्यातून चेअरमन उतरले, व्हाइस चेअरमन उतरले, संस्थेचे सेक्रेटरी उतरले आणि मागून हातात फाइल घेतलेला कुणीतरी उतरला. चेअरमनचा उजवा अंगठा दुखत होता. परवापासून. मी त्यांना मूठ मिटायला लावून मनगट वाकवलं, तेव्हा त्यांनी जो आवाज काढला त्याने बाहेर बसलेला कंबरदुखीचा एक पेशंट उठून चालू लागला. निदान तेच. अंगठा मुडपूनच काढत होता का, असं मी त्यांना हळूच विचारलं, तर त्यांनी डोळ्यांनीच सोबतच्यांकडे खूण केली. एमआरआय करायचा का, पुण्याचा कुणी मोठा डॉक्टर बघावा का, हे लकव्याचं तर नसेल ना, असे प्रश्न मात्र चौघांनीही विचारले. दुखायला कशाने लागलं, ते सोबतच्यांना ठाऊक नव्हतं. संस्थेच्या कामात सह्या फार कराव्या लागतात, असा त्यांचा समज होता. मी तो तसाच राहू दिला.

मी कागदावर तेच लिहिलं, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आक्काताईच्या वेळी जे शब्द त्या घरात कुणाला कळले नव्हते, ते या वेळी गाडीत बसेपर्यंत चौघांना पाठ झाले.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गोठ्यात दूध काढायचं मशीन आलं. ते काही बाजारातून आणावं लागलं नाही. संस्थेच्या ऑफिसात सभासदांना दाखवण्यासाठी एक मशीन दीड वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं होतं. त्याला हार घालतानाचा चेअरमनचा फोटोही तिथे लावला होता. घरापासून ऑफिस चालत पाच मिनिटांवर. आक्काताईचा अंगठा सात महिने दुखत असताना ते मशीन तिथेच होतं. त्यांच्या दोन दिवसांच्या दुखण्याने ते गोठ्यापर्यंत चालत आलं. हे ऐकल्यावर मी जे बोलले ते या अंकात छापण्याजोगं नाही.

हे मला सांगायला आक्काताई एकटीच आली होती, महिनाभराने. मशीनला तिची साडी बांधून ठेवल्यावर आठवडाभरात चंदी सरावली होती. चेअरमनचा अंगठाही उतारावर होता. म्हशी विकायचा विषय आता कुणी काढत नव्हतं. मी तिला म्हटलं, चला, आता तुमचे हात मोकळे.

"मशीन धुवाय लागतंय की," ती म्हणाली. "चार कप, चार नळ्या, बादली. दोन्ही टायमाला. गरम पाण्यात बरश घालून रगडाय लागतंय, न्हायतर दूध नासतंय." आणि तिने हवेत दाखवलं. अंगठा ब्रशवर दाबून, मनगट आतबाहेर फिरवत.

मी विचारलं, हे काम तुमच्याकडे कुणी दिलं?

"चेअरमन म्हंत्यात, मशीन नाजूक हाय, त्येला बायमाणसाचाच हात पायजे."

मी तिचा हात हातात घेऊन तपासला. सूज नव्हती, दुखत नव्हतं, पकड उत्तम होती. तो अंगठा त्या दिवशी पूर्ण बरा होता, हे मी इथे पहिल्यांदा कबूल करते. मग मी माझ्या लेटरहेडचा कागद ओढला आणि लिहिलं, 'रुग्णाचा अंगठा कायमचा नाजूक झालेला आहे. दूध काढण्याचे मशीन धुण्याचे काम रुग्णाने आयुष्यात केव्हाही करू नये. ते घरातील कर्त्या पुरुषाने दोन्ही वेळा, पूर्ण मुठीने करावे.' या वेळी कागद मी तिच्या हातात दिला. तिला वाचून दाखवला. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"शिक्का मारा," ती म्हणाली. "सहीवर ऐकायचे न्हाईत, शिक्क्यावर ऐकतील."

मी वर एक आणि खाली एक असे दोन शिक्के मारले. एकतीस वर्षांत खोटा कागद मी हा एकच दिला. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या कागदांपैकी जसाच्या तसा, रोज दोन वेळा पाळला जाणाराही तोच एक आहे, असं आक्काताई अधूनमधून फोन करून मला सांगते.